गोदीची लांबी

परदेशातल्या यार्डाने आमच्या हातचं एखादं काम पळवलं, की आमची सुकी गोदी थोडी आखूड होते. मागची भिंत खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या दिशेने सरकते. आवाज होत नाही. मी रोज सकाळी टेप लावून मोजतो आणि खरा आकडा फळ्यावर लिहितो. दादा तो पुसून जुना, एकशे साठ लिहितो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भिवा. सुक्या गोदीत जहाज ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकतं, ते चाळीस वर्षं त्यानेच मांडले. त्याच्या हट्टापायी आम्ही एका जहाजमालकाला एकशे साठच कळवलं. जहाज आलं. अर्धं आत मावलं, अर्धं खाडीत राहिलं. कप्तान टोपी काढून, दुखवट्याला आल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला आणि भरती असतानाच जहाज मागे घेऊन गेला.

"दादा, थयले लोक आठ दिवसात करतत. स्वस्तात पण."

"काम बरा करतत?"

"बरा करतत."

हे मी बोलायला नको होतं. तो दिवसभर जेवला नाही.

मग वेल्डर गेले, क्रेनवाले गेले, सगळे तिकडच्याच यार्डांत. गोदी एक दिवसही रिकामी ठेवायची नाही हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून आम्ही ट्रॉलर घेतले, मग होड्या घेतल्या. पुढे होडीही मावेना.

"थयसून तुका पण बोलावणा इला, दादा. जा तू," मी म्हणालो.

"गोदी रिकामी ठेवन जाव?"

आज सकाळी गोदी पावणेदोन मीटर भरली. दादाने सदरा काढून नीट घडी घातली, खाली उतरला आणि ठोकळ्यांवर उताणा झाला. टाचा दाराला, डोकं भिंतीला. मानेखाली फट राहत होती, तिथे मी पाचर बसवली. मग एकेका ठोकळ्यावर हात फिरवून पाहिलं.

"बसलंय मां बरोबर?"

"बसलंस," मी म्हणालो. मला रडू आवरेना.

तेवढ्यात वर ऑफिसात फोन वाजला. मी वर जाऊन घेतला. गोदी मोठी असताना ठरलेला शेवटचा ट्रॉलरही तिकडे गेला होता.

"दार उघड," दादा म्हणाला.

बाहेर भरती काठोकाठ होती. मी दाराचं चाक दोन्ही हातांनी धरलं. भिंतीच्या रेट्याने त्याचे गुडघे हळूहळू वर येत होते.