मारेनचे साठ सेकंद

लोकांच्या घरातले राऊटर काढायला लावणं हा माझा सहा वर्षांचा धंदा. अमेरिकेतल्या डुलुथमध्ये केबल कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसतो. कुणाचं इंटरनेट अडखळलं की आमच्या कागदावर उपाय ठरलेला: राऊटर काढा, फायरवॉल बंद करा, वायर थेट मोडेमला जोडा. तक्रार मिटते, फोन खाली. पुढे त्या घराचं काय होतं याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

शेजारच्या मारेनलाही मी २००३ च्या जुलैत हेच सांगितलं. तिचा नवरा कर्टिस सैन्यातर्फे इराकमध्ये, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्याचं चित्र तुटक दिसायचं. राऊटर काढला, चित्र स्वच्छ झालं. तिने तो चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकला आणि मी गल्लीभर फुशारकी मारून आलो.

ऑगस्टात तो कॉम्प्युटरचा किडा आला, व्हायरससारखा, पण इंटरनेटवरून आपला आपण पसरणारा. दारात राऊटर असला की बाहेरचं कुणी न विचारता आत शिरत नाही. मारेनचं दार मीच सताड उघडं टाकलेलं. इंटरनेट जोडलं की थोड्याच वेळात पडद्यावर चौकट यायची, साठपासून उलटी मोजणी आणि कॉम्प्युटर बंद.

शनिवारी सकाळी पावणेदहाला तिने मला हाक मारली. आठ दिवसांची मुलगी खांद्याशी, केस विंचरलेले नाहीत, ओट्यावर शेजारणींनी बाळंतिणीसाठी भाजून आणलेल्या हॉटडिशची भांडी तशीच. कर्टिसला छावणीतला कॉम्प्युटर आमच्या दहा ते सव्वादहा एवढाच मिळणार होता. मग त्याची तुकडी पुढे जाणार, दोन महिने फोन नाही की काही नाही. मुलीला त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

"तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर जमेल का?" तिने विचारलं.

"माझ्याकडे नाही गं. दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरचं ऐकूनच पोट भरतं. घाबरू नकोस, दुरुस्तीची फाईल उतरवून घेतो. पाच मिनिटांचं काम."

फाईल निम्मी उतरली आणि चौकट आली. कॉम्प्युटर म्हातारा, पुन्हा उठायला चार मिनिटं घ्यायचा. दुसऱ्यांदा तेच झालं. दहा वाजून तीन मिनिटं.

"लोवेल, राहू द्या," मारेन म्हणाली. "जोडला की मिनिटभर तरी चालतो ना? तेवढ्यात हिला कॅमेऱ्यासमोर धरते. अर्धं मिनिट दिसली तरी पुरे."

"अर्धं मिनिट काय? नीट बोला दोघं. थांब जरा."

फाईल परत निम्म्यावर अडकली. दहा वाजून आठ.

"ऐका ना माझं. नुसती दाखवू दे."

"तू मध्ये बोलू नकोस गं!" मी ओरडलो. बाळ दचकून रडायला लागलं. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा मला फक्त त्या किड्याचा संताप आला होता.

मग डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटरच्या आतच फायरवॉल असते, राऊटरसारखीच बाहेरच्याला दारात अडवणारी. सहा वर्षं मी ती लोकांना बंद करायला सांगत आलो, चालू करायचं कधी सुचलंच नाही. वायर उपसली, कॉम्प्युटर उठेपर्यंत टेबलावर बोटं आपटत बसलो, फायरवॉल चालू केली आणि वायर परत खोचली. एक मिनिट गेलं, दुसरंही गेलं. चौकट आली नाही.

"बघ," मी म्हणालो. "झालं की नाही?"

दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. वायर जोडली की आपोआप उघडणाऱ्या गप्पांच्या खिडकीत कर्टिसचं नाव करडं पडलेलं, म्हणजे तो उठून गेलेला. त्याने लिहून ठेवलेलं एकदम पडद्यावर उतरलं.

"तुझं नाव पेटलं. कॅमेरा लाव."

"गेलीस."

"परत आलीस. मारेन, बोलू नकोस, नुसती तिला समोर धर."

"पुन्हा गेलीस. मागे रांग आहे. उठायला सांगताहेत."

मारेनने ते दोनदा वाचलं. तिने मुलीला कॅमेऱ्यासमोर धरलं, मान नीट सावरून, तोंडावरची दुपट्याची कड बाजूला केली. पलीकडे कुणी नव्हतं.

"आता हा बंद नाही ना पडणार?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.