घोळीच्या कानातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. नदीतला नाही, डोंगरातलाही नाही. एका घोळ माशाच्या कानातला. हसू नका! माशांना कान असतात, फक्त ते बाहेरून दिसत नाहीत. आत आम्ही खडे बसलेले असतो. आमच्यामुळेच माशाला तोल सांभाळता येतो, आवाज ऐकू येतो. माझी घोळ खोल समुद्रातून दरवर्षी कळपाबरोबर वसईच्या किनाऱ्याकडे यायची. तो सगळा प्रवास मी तिच्या डोक्यात बसून ऐटीत केला. ती वाढली तसा मीही थराथराने वाढलो.

१९९८ साली ती वसईजवळच्या राजोडी गावातल्या एका जाळ्यात सापडली. मासे विकणाऱ्या हिल्डाने कालवणासाठी तिचं डोकं चिरलं आणि मी बाहेर आलो. हिल्डाने मला धुऊन आपल्या लेकीला, क्लाराला दिलं. क्लाराने माझ्यासारखे पाच खडे जमवले आणि आमचे सागरगोटे झाले! काय उडवायच्या आम्हाला मायलेकी! हिल्डा तर भलतीच रडीचा डाव खेळायची. मला इतका आनंद समुद्रातही झाला नव्हता.

मग क्लारा मोठी झाली आणि मी बटणांच्या डब्यात पडून राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

२००६ साली क्लाराने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तो डबा उघडला. ओट्यावर एका ग्लासात तिने व्हिनेगर ओतलं आणि मला चिमटीत धरलं. मी शिंपल्यासारखाच चुन्याचा. आत पडलो असतो तर बुडबुडे सोडत विरघळून गेलो असतो. माझी तर बोबडीच वळली.

तेवढ्यात हिल्डा आली. "काय करतेस गो?"

"आय, धुरातला वायू समुद्रात मुरतो ना, त्याने पाणी हळूहळू आंबट होतंय. त्याने माशांचे कान आणि नाक बिघडले, तर ते येण्याजाण्याची वाट चुकतील, अशी भीती आहे. सर म्हणाले, अजून अभ्यास चालू आहे. मी फक्त आंबट पाण्याने काय होतं ते दाखवणार."

"आनि त्यासाठी माजा हुकमी गोटा? त्यो डब्यातला शिंपला टाक! परत असा करनार नाय म्हन. लाव कानाला खडा!"

क्लाराने खरोखरच मला उचलून कानाला लावलं. दोघी पोट धरधरून हसल्या. शिंपला ग्लासात फसफसला आणि मी प्रदर्शनात कापसावर बसून चांगला मिरवलो.

मित्रांनो, मला वाचवायला हिल्डा वेळेवर आली. समुद्र काही व्हिनेगर होणार नाही, पण त्याचं थोडंसं आंबट होणंही माशांना जड जाऊ शकतं. अजूनही घोळी येतात, आणि त्यांच्या कानांत माझी भावंडं बसलेली असतात. त्यांना वसईची वाट सापडत राहावी असं वाटत असेल, तर उगाच धूर करताना एकदा तुम्हीही कानाला खडा लावा.