चाळीस लाल झेंडे

संमेलन कसं झालं याचा आढावा लिहायचं काम दर वर्षी फूटपट्टीच्याच गळ्यात पडायचं. खेळाची मैदानं राखणाऱ्या मैदानवाल्यांच्या संघटनेचा तो चिटणीस. खिशात कायम सहा इंची पट्टी, गवत दिसलं की वाकून उंची मोजणार, म्हणून हे नाव. बायकोही त्याला याच नावानं हाक मारते म्हणे, खरंखोटं देव जाणे. पण आढावा लिहावा तर त्यानंच. चहा किती उशिरा आला, माइक कितीदा बंद पडला, कुणाच्या भाषणात किती जण पेंगले, सगळं तो रकान्यांत नीट बसवायचा.

या वर्षीचा आढावा मात्र महिना झाला तरी त्याच्या हातून सुटेना. दीडशे जणांनी अभिप्राय भरून दिले होते. बसायची व्यवस्था, उत्तम. जेवण, उत्तम. मैदानावरचं प्रात्यक्षिक, अतिउत्तम. एका शहाण्यानं तर लिहिलं होतं, ‘एक दुःखद घटना सोडली तर संमेलन दृष्ट लागण्यासारखं झालं.’ ती दुःखद घटना म्हणजे फूटपट्टीचे दाजी. सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि याला बोटाला धरून या धंद्यात आणणारा माणूस.

दाजी हिरवळ पायांनी बघायचे. कुठल्याही मैदानावर गेले की आधी बूट काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी एक फेरी मारायचे. एखादं पातं खुडून दाताखाली धरायचे. पाणी कुठे जास्त झालंय, मुळं कुठे कुजताहेत, बरोबर सांगायचे. “डोळे फसवतात, तळवे नाही फसवत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तळव्यांना भेगा पडलेल्या, त्यात माती बसलेली. ताई त्यावरून त्यांना रोज बोलायची.

पण लाल झेंडा दिसला की हेच दाजी चार हात लांब थांबायचे. कीड मारायचं औषध फवारलं की त्या तुकड्याभोवती लाल झेंडे रोवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, हा मैदानवाल्यांचा नियम. बाकी कशात एकमत नसेल, पण यात होतं. झेंडा आहे तर लांब, झेंडा नाही तर खुशाल जा. दर वर्षी संमेलनासाठी चाळीस झेंडे ताई घरच्या मशीनवर शिवून द्यायची, काठाला दुहेरी टीप घालून. मोबदल्यात आभाराच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं यायचं.

त्या दिवशी जेवणाच्या थोडं आधी प्रात्यक्षिकाच्या तुकड्यावर औषध मारलं. झेंडे फूटपट्टीनंच रोवले, दोन-दोन पावलांवर, पट्टी धरल्यासारखे सरळ. जेवणानंतर अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले, सोबत फोटोवाला. “अहो, हे काय लग्नात विघ्न,” अध्यक्ष म्हणाले. “फोटोत सगळं लालेलाल दिसेल. दहा मिनिटं काढून ठेवा ना.” मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय फूटपट्टीला कधी नव्हतीच. त्यानं चाळीसच्या चाळीस उपटले आणि गाडीत नेऊन टाकले. फोटोसाठी सगळे कडेच्या फरशीवर उभे राहिले, बूट घालून. दहा मिनिटांची चाळीस झाली.

तेवढ्यात पलीकडून दाजी आले. त्यांनी तुकडा बघितला, झेंडा कुठे दिसला नाही, आणि बूट काढले.

फूटपट्टीनं त्यांना पाहिलं होतं. हेच तर त्याला खात होतं. शेजारी अध्यक्ष पाहुण्यांना नियमांचं कौतुक सांगत होते. आता ओरडलं तर सगळ्यांसमोर शोभा होईल, असं त्याला वाटलं. नंतर सांगू पाय धुवायला, असं मनाशी म्हणाला, आणि मग चहाच्या गडबडीत विसरला. कपबशा कमी पडल्या होत्या, ते मात्र त्यानं लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी दाजींना दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ यायला लागली, श्वास लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मैदानावर काम करतात ना हे? कसली फवारणी वगैरे झाली होती का आज?” अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. “छे छे, नुसती भाषणं. हृदयाचा जुना आजार आहे त्यांना.” फूटपट्टी शेजारीच उभा होता आणि मूग गिळून फरशीकडे बघत होता. ताईला फोन लावला, तर ती म्हणाली, “अरे, गोळ्यांची डबी इथेच राहिली रे. मीच भरते बॅग, आणि मीच विसरले.” सगळ्यांना कारण मिळालं. पहाटे दाजी गेले.

तेव्हापासून ताई ती डबी उशाशी घेऊन झोपत होती. रोज उघडायची, गोळ्या मोजायची, पुन्हा लावून ठेवायची. एका दिवसाची गोळी चुकल्यानं माणूस जात नसतो, असं तो तिला सांगून थकला. ती म्हणायची, “मग कशानं गेले?” यावर तो घड्याळ बघून उठायचा. खरं कारण जिभेवर येत नव्हतं.

आढाव्याचं मुखपृष्ठ छापून आलं तेव्हा ताईनंच निरोप पाठवला. त्यांचा शेवटचा फोटो आहे म्हणतात, आणून दाखव. तो दुपारी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं फोटो ठेवला. पुढे हसणारी ओळ, मागे हिरवागार तुकडा, आणि डाव्या कोपऱ्यात, हातात बूट घेतलेले दाजी. ताईनं चष्मा लावला. दाजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग बोट खाली, त्यांच्या पायांशी येऊन थांबलं.

“गवत ओलं आहे,” ती म्हणाली.

“हं.”

“फवारलेलं?”

तीस वर्षं मैदानवाल्याशी संसार केलेली बाई ती, तिला काय शिकवायचं.

“माझे झेंडे कुठे आहेत?”

नुसतं पाणी मारलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण फोटोशेजारीच ती डबी होती, रोज उघडून उघडून झाकण सैल झालेलं.

“मी काढले, ताई. फोटोसाठी.”

“ते अनवाणी चालत होते, ते दिसलं तुला?”

“दिसलं.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं होतं. अध्यक्ष नाही म्हणाले. मी गप्प बसलो.”

ताई रडली नाही. ती रडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तिनं त्याच्या पिशवीतून आढाव्याचे कागद काढले आणि सुरक्षा व्यवस्थेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे त्याच्याच सुबक अक्षरात ‘उत्तम’ होतं.

“लिही,” ती म्हणाली.

त्यानं ‘उत्तम’ खोडलं. झेंडे काढले, कुणी सांगितलं, कुणी काढले, ते लिहिलं. ओळ वाकडी झाली. ताईनं वाचलं.

“डॉक्टरांचं राहिलं.”

रकान्यात जागा उरली नव्हती. तो समासात लिहीत गेला, अगदी कागदाच्या कडेपर्यंत. खाली सही केली. तिनं कागद पुन्हा वाचला, घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवला. मग ती डबी उचलून त्याच्या हातात दिली.

“ही घेऊन जा,” ती म्हणाली. “महिनाभर मी मोजल्या. आता तू मोज.”

डबी त्यानं खिशात ठेवली, पट्टीशेजारी. ताई तोवर आतल्या खोलीत गेली होती. दार त्याचं त्यालाच ओढून घ्यावं लागलं.