सहा वेळा ‘नाही’

सहाव्या प्रश्नापुढेही आजोबांनी ‘नाही’वर खूण केली आणि पेन खाली ठेवलं. ‘मूल दोन शब्द जोडून बोलतं का?’ कितीदा वाचलं तरी उत्तर बदलत नव्हतं. मांडीवरची नात कागदाचा कोपरा चघळत होती.

लेक तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली, तेव्हा दोन वर्षांच्या या पोरीची जबाबदारी त्यांनी छातीठोकपणे घेतली होती. पोर खात होती, खेळत होती, पण बोलायचं नाव नाही. फोनवर आई दिसली की नुसती टकामका बघायची. दोन वर्षं पुरी झाली की दवाखान्यात सगळ्याच मुलांची वाढ तपासतात, म्हणून ते आले होते. लेकीला काय सांगणार? हातातलं सगळं टाकून ती धावत येईल.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला.

“आजोबा, एकही शब्द नाही?”

“ओठ हलवते नुसते. माझंच चुकलं. घरात मी एकटा म्हातारा, तिच्याशी बोलायला दुसरं आहे कोण?”

“नोकरी कुठे केलीत?”

“छापखान्यात. चाळीस वर्षं यंत्रावर.”

बाईंनी नातीला सतरंजीवर बसवून हातात बाहुली दिली. मग हळूच तिच्या पाठीमागे जाऊन एक खुळखुळा हलवला. आजोबा श्वास रोखून बघत होते. खुळखुळा मोडका असावा. आवाजच आला नाही. तरी पोरीने झटकन मान वळवली. बाईंनी दुसऱ्या बाजूने हलवला. तिने तिकडेही पाहिलं आणि ओठ हलवले. दाराशी उभी असलेली नर्स खुदकन हसली.

“काय झालं?” आजोबा गडबडले.

बाई खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसल्या आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणाल्या, “ती म्हणाली, ‘बाळ झोपलं. वाजवू नको.’”

“कोण, ही?”

“हीच. आवाज बारीक आहे, पण बोलणं स्वच्छ. आल्यापासून बोलतेय.”

त्यांनी खुळखुळा आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी तो हलवला. आतले दाणे तळहाताला टकटक जाणवत होते.

मग ते हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले, तरी हसू आवरेना.

“म्हणजे बिघाड माझ्यात आहे!”

“सोमवारी या. कान तपासू.”

“येतो ना, येतो!” म्हणत त्यांनी सहाच्या सहा खुणा खोडून टाकल्या.

बाहेर व्हरांड्यात ते कसेबसे गुडघ्यांवर बसले. पोरीला जवळ ओढून कान तिच्या तोंडाशी नेला.

“हं, बोल आता.”

तिने दोन्ही हातांनी तो कान धरला. गरम श्वास लागला, आणि त्यामागून आवाज.

“आबा, घरी चल.”

त्यांना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी तिला ते आणखी दोनदा म्हणायला लावलं.