उसनी चौकट

फ्रेमवाल्याने स्टुलावर चढून भिंतीवरचे नमुने उतरवायला घेतले. चौकटींचे नुसते कोपरे, पन्नासेक तरी असतील. सोनेरी, काळे, नक्षीचे, नको तितक्या नक्षीचे. तो एकेक काढून खोक्यात टाकत होता आणि त्याची मुलगी दुकानाच्या दारात किल्ल्या हातात धरून बघत होती.

"बाबा, नमुने काढून टाकले तर लोक निवडणार कशातून?"

"त्या दिवशी निवडायचंच नाही," तो वरूनच म्हणाला. "गेलेल्या माणसाचा फोटो आणला, की साधी लाकडी चौकट लावून द्यायची. उसनी. महिना-दोन महिन्यांनी यावं, खोक्यातले नमुने सावकाश बघून पक्की करावी."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर नाही आलं."

मुलीने कपाळाला हात लावला. समोरचा दुकानदार दोन तासांत फ्रेम हातात ठेवत होता. आई गेल्यापासून इकडे दुकान आठवड्यातून जेमतेम चार दिवस उघडत होतं, आणि त्यात हे नवीन खूळ. असंच चाललं तर वर्षभरात कुलूप लागेल, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ धाकट्या भावाचा फोटो घेऊन आले. फ्रेमवाल्याने काही न विचारता तो साध्या चौकटीत बसवून दिला.

"म्हणजे आत्ता काहीच ठरवायचं नाही?" गृहस्थांनी दोनदा विचारलं.

"काहीच नाही."

गृहस्थ घाईत आले होते. ते खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "हे सगळं माझ्यामुळे चाललंय ना?"

"तुझ्यामुळे कसं?"

"आईला ती सोनेरी मी निवडली. आई सोनेरी चौकटीला बँडवाल्याचा कोट म्हणायची. मला माहीत होतं, तरी तीच दाखवली. सहा महिने झाले, घरी तो फोटो लावलाय त्या भिंतीकडे तुम्ही बघत नाही."

फ्रेमवाला स्टुलावरून उतरला. सहा महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी बायकोचा फोटो काउंटरवर ठेवून त्याने तीस वर्षांच्या सवयीने चार कोपरे एकापाठोपाठ एक लावून दाखवले होते, आणि गिऱ्हाइकाला विचारावं तशा आवाजात पोटच्या पोरीला विचारलं होतं, "ही, की ही?" तिने तिसऱ्या, सोनेरी कोपऱ्यावर बोट ठेवलं ते केवळ त्याने थांबावं म्हणून. हे त्याला तेव्हाच कळलं होतं. लाजेने तो गप्प बसला, आणि तो गप्प बसला म्हणून तिने दोष स्वतःकडे घेतला.

"तू काही चुकली नाहीस," तो म्हणाला. "असं विचारतं का कोणी? मी विचारलं. आजवर किती जणांना विचारलं असेल."

मुलीने बाहीने डोळे पुसले.

"मग आता तुम्ही कोणती लावाल आईला?"

"मला अजून सुचत नाही."

तिने साध्या चौकटींच्या चळतीतून एक काढली, कडांवरून बोट फिरवून पाहिलं आणि त्याच्यापुढे ठेवली. फ्रेमवाल्याने ती खाकी कागदात गुंडाळून सुतळीने नीट बांधली.

"परत कधी आणू?" तिने विचारलं.

"घाई नाही," तो म्हणाला.