साहेबांचा पासवर्ड

आमच्या साहेबांना कॉम्प्युटरची भीती वाटायची, आणि ती दिसू नये म्हणून ते त्याला हातच लावत नसत. हिंगोलीतल्या आमच्या ऑफिसात तो आला २००५ साली. तेव्हापासून साहेबांचा पासवर्ड शिपाई उत्तमसिंगकडे. दहाला कुलूप तोच उघडायचा, झाडू तोच मारायचा, कॉम्प्युटरही तोच सुरू करायचा. आम्ही कारकून अकराला उगवायचो, साहेब बाराला. कुठलाही आदेश काढताना शेवटी साहेबांचा पासवर्ड पुन्हा मागितला जायचा. उत्तमसिंग हातातली किटली खाली ठेवून तो टाकून द्यायचा.

पुढच्या जानेवारीत साहेबांनी त्याची बदली किनवटला लावली. त्याच्या जागी त्यांना मेव्हण्याचा माणूस आणायचा होता. उत्तमसिंगची पूजा दहावीला, आई नसलेलं लेकरू.

"मार्चमधी परीक्षा हाय साहेब, तोवर राहू द्या."

"परीक्षा पोरीची आहे का तुझी?"

मला इतकी चीड आली, की मी फाईलीत तोंड खुपसलं. आमची चीड तेवढीच.

त्याच आठवड्यात वरच्या ऑफिसातून फर्मान निघालं: उद्या लॉगिन करताना प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवावाच लागेल. सकाळी दहाला ऑफिसात कोण होतं, हे सांगायला नको.

बाराला साहेब आले. "उत्तमसिंग, तुझा कार्यमुक्तीचा आदेश काढायचाय. पासवर्ड टाक."

"माझ्याच बदलीला मीच मंजुरी कशी देऊ साहेब? तुमी टाका."

"नवा काय ठेवलास?"

"कुणालाच सांगू नका, असं त्या मशीनवरच लिहून येऊन राहिलं."

साहेब लालेलाल झाले. पण आपला पासवर्ड शिपायाकडे आहे, ही तक्रार करणार कुणाकडे? हातानं लिहिलेला आदेश तर चालतच नव्हता. शेवटी "विसरलो" म्हणून त्यांनी वर फोन लावला. आज रात्री बदलून ठेवतो, उद्या सकाळी १२३ टाका, मग नवा मागेल, असं उत्तर आलं. साहेब फोनवर ओरडून बोलत. "एक, दोन, तीन" साऱ्या ऑफिसानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दहाला नवा पासवर्ड पुन्हा उत्तमसिंगनंच ठेवला.

असं तीनदा झालं. उपाय साधा होता, साहेबांनी एक दिवस दहाला यायचं. एकदा ते खरंच जिद्दीनं निघाले आणि पावणेअकराला पोचले.

पूजाचा शेवटचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी उत्तमसिंगनं स्वतःचा आदेश स्वतःच काढला आणि सहीसाठी साहेबांपुढे ठेवला. सोबत पासवर्डची चिठ्ठी. उठून त्याचा हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. घेतला नाही; साहेब बघत होते.

साहेबांनी सही ठोकली आणि चिठ्ठी न उघडताच माझ्याकडे सरकवली.

"उद्यापासून दहाला तुम्ही येत जा. नवा शिपाई मेव्हण्याचा माणूस आहे, त्याला लवकर या म्हणता येणार नाही."