दिसतंय का काही?

"आलं का काही?" टेबलाखालून आवाज आला.

"नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

कॉम्प्युटरवाला टेबलाखाली आडवा पडला होता. त्याचे पाय तेवढे खोलीत होते, बाकीचा सगळा माणूस टेबल आणि भिंत यांच्या मधल्या बोळात. अंगाने तो चांगलाच भरलेला होता, त्यामुळे एकदा आत शिरला की काम संपेपर्यंत बाहेर यायचं नाव घेत नसे, कारण बाहेर येणं हेच एक वेगळं काम होतं. कॉम्प्युटरचा डबा त्याच्या ताब्यात आणि मॉनिटर तिच्या. त्याने आत काहीतरी खटपट करायची, बटण दाबायचं, पंखा घुरघुरायला लागला की विचारायचं आणि तिने सांगायचं. हा कॉम्प्युटर त्यानेच तिला जुळवून दिला होता, आणि इतक्या वर्षांत तिने त्याला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

आज सांगत होती. पडद्यावर अक्षरं आली होती, काळ्यावर पांढरी. सरळ पाहिलं तर तिथे नुसता राखाडी डाग होता, पण तो डाग ती जिथे पाहील तिथे असायचा. भिंतीवर, ताटात, नवऱ्याच्या तोंडावर. मान वळवून भलतीकडेच पाहिलं की कडेला पांढऱ्या ओळी असल्यासारखं वाटायचं. काय लिहिलंय ते कळत नव्हतं. काहीतरी लिहिलंय एवढं नक्की होतं.

ती घरी बसून टायपिंग करायची. लोकांची पुस्तकं, प्रबंध, संस्थांचे अहवाल. लग्नानंतर नोकरी सोडली, पण बोटं स्वस्थ बसेनात म्हणून हे सुरू केलं आणि पुढे त्यातच आयुष्य गेलं. लोक तिला टायपिंगवाल्या बाई म्हणत. तिची ख्याती वेगाची नव्हती, वेगवान पुष्कळ जण असतात. ख्याती होती ती बिनचूकपणाची. तिच्याकडून आलेली पानं पुन्हा तपासायची गरज नसते, बाई डोळ्यांत तेल घालून काम करतात, असं छापखान्यात बोललं जायचं. हे वाक्य तिच्या कानावर आलं होतं आणि तिने ते जपून ठेवलं होतं. दुसरं कुठलं बक्षीस तिला मिळालेलं नव्हतं.

डाग आला तेव्हा आधी तिने चष्म्याला दोष दिला, मग बल्बला. पडद्यावरचं अक्षर मोठं करता येतं, तेवढ्यावर काही दिवस निभावलं. पण समोरचा कागद काही मोठा करता येईना. तेव्हा तिने कागदालाच दोष दिला. एका निवृत्त वनअधिकाऱ्याचं पुस्तक तिच्याकडे होतं, जन्मभर पाहिलेल्या जंगलाविषयीचं. तुमचं अक्षर लागत नाही हो, असं तिने त्यांना फोनवर सांगून टाकलं. माणूस खजील झाला. त्याने सगळं प्रकरण पुन्हा लिहून काढलं, जाड पेनाने, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढून, आणि स्वतः आणून दिलं. तेही तिला लागलं नाही.

मग ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, घरी बँकेत जाते म्हणून सांगून. डॉक्टर म्हणाले, मधलं गेलंय, कडेचं राहील, गेलेलं परत येत नाही. बोलताना ते प्रेमाने बोलले असावेत, आवाजावरून तरी तसं वाटलं. तोंड दिसत नव्हतं. येताना ती भाजी घेऊन आली आणि ओट्याशी उभी राहून निवडायला लागली. आता रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. भाजी निवडून झाली, तेव्हा तिने ती धुवायला घेतली.

आणि त्याच सुमाराला कॉम्प्युटरने मान टाकली. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळा ठिक्कर. तिला इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. बंद मशीनवर कुणालाच काम करता येत नाही. वनअधिकाऱ्यांचा फोन आला की ती सांगायची, चालू होतो पण दिसत नाही काही. हे बोलताना जीभ जराही अडखळायची नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. नवऱ्याने मात्र दुरुस्तीचा लकडा लावला. ती टाळत राहिली, आणि शेवटी त्यानेच परस्पर कॉम्प्युटरवाल्याला बोलावून आणलं.

"रॅमची पट्टी काढून पुन्हा एकदा खोडरबरने घासली ताई," टेबलाखालून माहिती आली. "यानेच येतं बहुतेक वेळा. आता बघा बरं."

पंखा घुरघुरला. कडेला पांढरं उमटलं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. नाही. मॉनिटरची वायर बदलली. नाही. आतली गोल बॅटरी काढून पुन्हा लावली. नाही. कॉम्प्युटर सुरू होताना पूर्वी एक शिट्टी वाजायची, तिच्यावरून त्याला आपोआप कळलं असतं, पण आतला भोंगा कधीचाच मेला होता आणि तो बदलायची कुणाला गरज वाटली नव्हती. आता सगळी भिस्त तिच्या शब्दावर होती. मधूनच तो पाठ धरून कण्हत होता. त्याच्या पाठीचं दुखणं तिला माहीत होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटत नाही हे तिच्या ध्यानात येत होतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

तिला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा मशीन गेलं म्हणून सांगावं. म्हणजे बाईंचं मशीन गेलं आणि या वयात त्यांनी नवीन घेतलं नाही, इतकं सरळ होऊन गेलं असतं. तिच्या हातातून काम कसं सुटलं हे कुणाला कळलं नसतं. छापखान्यात ते वाक्य तसंच राहिलं असतं.

"ताई, लक्षण काही ठीक नाही," तो शेवटी म्हणाला. "मदरबोर्डच गेला असणार. म्हाताऱ्यात आता जीव नाही राहिला."

"मग राहू द्या," ती म्हणाली.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. जन्मभर स्टोअरकीपर म्हणून काढल्यामुळे समोर जे काही लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचायची त्याला सवय होती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, काही सुटायचं नाही. ट्रे टेबलावर ठेवता ठेवता त्याने पडद्यावरचं इंग्रजीही मराठी करून वाचलं.

"कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी बटण दाबा." त्याला हसू आलं. "घ्या! कीबोर्ड नाही म्हणतो आणि वर बटण दाबा म्हणतो. बरं झालं, आलं एकदाचं."

टेबलाखालची खटपट थांबली. कॉम्प्युटरवाला एकेक अवयव सोडवत मागे मागे सरकत बाहेर आला. कीबोर्ड त्यानेच काढून बाजूला ठेवला होता. धूळ झटकत तो उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे कधी आलं?"

ती खिडकीकडे पाहत होती. खिडकीकडे पाहिलं की तो तिला थोडा थोडा दिसायचा.

"पहिल्यांदाच," ती म्हणाली. "तुम्ही पट्टी घासून लावलीत तेव्हाच."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने उभ्या उभ्या चहा प्यायला, डब्याचे स्क्रू आवळले, कीबोर्ड जोडून तिच्या हाताला लागेल असा ठेवला आणि पुन्हा काही झालं तर सांगा असं नेहमीप्रमाणे म्हणून निघाला. दारात चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला.

नवऱ्याने दार लावलं आणि तो तिच्यासमोर येऊन बसला. अलीकडे ती सरळ बघत नाही, म्हणजे कशावरून तरी रुसली आहे, असं तो धरून चालला होता. आपल्या हातून काय घडलं असेल याचा त्याने मनातल्या मनात शोधही घेतला होता. एकदा न सांगता तिच्या आवडीचे पेढेही आणून पाहिले होते.

"तुला वाचता आलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"की दिसलंच नाही?"

"तेच ते."

तो मग डॉक्टर, चष्मा, तपासणी असं काय काय बोलायला लागला, तेव्हा तिने बँकेत जाते म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या त्या दिवसाचं सांगून टाकलं. डॉक्टरांचं वाक्य तिने जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पोचवणं हे तिचं कामच होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम बंद करायला लावलं असतं."

"मग? लावलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

तिने टेबलावर चाचपून फोन घेतला आणि त्याच्यापुढे धरला. वनअधिकाऱ्यांना लावून द्या, म्हणाली. मी बोलू का त्यांच्याशी, असं त्याने विचारलं.

"नको. काम माझ्याकडे दिलंय त्यांनी. मीच सांगते."

त्याने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून लगेच आवाज आला. माणूस बहुधा फोनशेजारीच बसून असायचा. मशीनची चौकशी त्याने आधी केली.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

"अजून दिसत नाही का? अरेरे." वनअधिकारी हळहळले. आपल्या ओळखीचा एक फार चांगला दुरुस्तीवाला आहे, कसलंही मशीन असो, तासाभरात पडदा आणून देतो, आजच पाठवतो, असं ते बोलत राहिले. तिने त्यांना पुरं बोलू दिलं. मध्ये तोडणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मशीन चांगलं आहे," मग ती म्हणाली. "पडदा आलाय. मला दिसत नाही. माझे डोळे गेले."

नवऱ्याने मान खाली घातली.

"बाई," वनअधिकारी म्हणाले, "माझ्या अक्षराने तर नाही ना झालं हे?"

"नाही हो. अक्षराचं मी उगीच म्हणाले. अक्षराला काही झालेलं नाही." आवाज तिचा तिलाच लांबचा वाटला, पण कापरा नव्हता. "पानं कुणाकडे पाठवायची ते सांगा. हे नेऊन देतील. तिसऱ्या प्रकरणापर्यंत झालंय, पण ते पुन्हा तपासून घ्या. माझ्यावर विसंबू नका."

मग तिने नमस्कार केला आणि फोन खाली ठेवला.

नवरा उठला. तो आत जाईल, पाणी पिईल, मग दाराशी उभा राहून घसा खाकरेल, असं तिला वाटलं. तो गेला नाही. त्याने खुर्ची उचलली आणि तिच्या डाव्या हाताला आणून ठेवली, बसला.

"इथून दिसतो का?"

तिने समोर भिंतीकडे पाहिलं. "नाही."

त्याने खुर्ची थोडी मागे ओढली.

"आता?"

"नाही."

खुर्ची पुन्हा फरशीवर करकरली. तो टेबलाच्या कडेला टेकला, मान थोडी पुढे काढून बसला आणि श्वास रोखून थांबला.

"आता?"

"हं," ती भिंतीकडे पाहतच म्हणाली. "आता दिसता."